वादळग्रस्त गावात गोठ्याची उभारणी

कोकणातील शेतकऱ्याच्या वर्षाचा शेवट पावसाच्या तयारीत होतो. भाजावळ उरकली, की घराची व गोठ्याची शाकारणी होते, फुटकी कौले बदलली जातात, पेंढ्याची उडवी झाकली जाते. आणि रोहिणी नक्षत्र लागले, म्हणजे तरव्यात भात पेरून शेतकरी आभाळाकडे पाहू लागतो. ३ जून २०२० रोजी, बुधवारी, 'निसर्ग' चक्रीवादळ आले ते नेमके ह्या वेळी. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. वादळाचा मुख्य आघात शेजारच्या रायगड जिल्ह्यावर झाला. परंतु उत्तर रत्नागिरीतील दापोली व मंडणगड हे तालुकेही त्याच्या तडाख्यात सापडले. वेळास, बाणकोट, केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै ह्या किनाऱ्यावरील गावांची व त्यांच्या पाठीमागील डोंगरवाड्यांची काही तासांतच दैना उडाली. पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, आंबा, काजू, फणस मुळासकट उन्मळले, आणि नुकतीच शाकारलेली छपरे वाऱ्याबरोबर गेली.

ह्या नुकसानीची मोजदाद पुढे झाली. राज्य शासनाने रत्नागिरी जिल्ह्यास तातडीची मदत म्हणून ७५ कोटी रुपये जाहीर केले, घरांच्या व बागांच्या भरपाईचे दर वाढविले. बागांविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते, कारण पडलेली पोफळ पुन्हा उत्पन्न देऊ लागण्यास कित्येक वर्षे जावी लागतात. परंतु एका गोष्टीकडे त्या मानाने लक्ष थोडे गेले. ती गोष्ट म्हणजे गोठा.

आठ दिवसांची मुदत

वादळानंतर कोकणात उभारणीला किती वेळ मिळतो, हे ध्यानी घेतल्यावाचून गोठ्याचे महत्त्व कळणार नाही. ११ जून २०२० रोजी मोसमी पावसाची उत्तर सीमा हर्णैवरून जात असल्याचे हवामान खात्याने जाहीर केले. म्हणजे वादळ आणि पावसाळा ह्यांमध्ये अवघे आठ दिवस होते. रत्नागिरीचा पाऊस हा देशावरचा पाऊस नव्हे. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पडणारा, पश्चिमेकडून आडवा झोडपणारा हा पाऊस एकदा सुरू झाला, की दिवसचे दिवस उघडीप देत नाही.

अशा वेळी कुटुंब काय करते? प्रथम डोक्यावरचे छप्पर. ते स्वाभाविकच आहे. नंतर भिजलेले धान्य, मग अंगणात पडलेले झाड, मग वाट. वीज कित्येक गावांत अनेक आठवडे नव्हती, त्यामुळे विहिरीवरचे पंप बंद, आणि माणसांचे व जनावरांचे पाणी हाताने शेंदणे आले. गोठ्याची पाळी सर्वांत शेवटी येते. माणसास निदान शेजारच्या घरी, देवळात किंवा शाळेत पाठ टेकता येते. (त्या वर्षी शाळाही पुष्कळ ठिकाणी बाहेरगावाहून आलेल्यांच्या विलगीकरणासाठी घेतलेल्या होत्या.) बैलजोडी मात्र कोणाच्या ओसरीवर बांधता येत नाही. ती पडक्या गोठ्याच्या चौथऱ्यावर, भिजलेल्या पेंढ्याशेजारी, उभ्या पावसात उभी राहते.

अशा जनावराचे पुढे काय होते, हे पशुपालकांस सांगावयास नको. सतत ओल्या जमिनीवर उभे राहून खूर मऊ पडतात व सडतात. दुभत्या जनावराची कास चिखलात लोळून दगडी होते. वासरांना फुप्फुसाचा दाह होतो. आणि आधीच हलाखीत असलेल्या जनावरास घटसर्प किंवा फऱ्या गाठतो. पेंढा भिजला, की त्यास बुरशी येते. भूक लागलेले जनावर तीच वैरण खाते आणि आजारात भर पडते. वादळात भिंत पडून मेलेल्या गाईचा पंचनामा होतो. तीच गाय पावसात कुडकुडून श्रावणात मेली, तर ती वादळाने मेली, असे कोणत्याही कागदावर लिहिले जात नाही.

ह्याहून अधिक हानी मृत्यूवाचून होते. निवारा नाही, वैरण नाही, म्हणून शेतकरी जनावर येईल त्या किमतीस विकून टाकतो. सपाट मळ्यांत आता पॉवर टिलर आले आहेत हे खरे. परंतु डोंगरउताराच्या अरुंद दळ्यांत चिखलणीला बैलांची जोडीच लागते, आणि मृगाच्या तोंडावर जोडी गेली, तर त्या वर्षीची लावणी दुसऱ्याच्या सवडीवर अवलंबून राहते. एकदा गोठा मोडला, की तो पुन्हा भरत नाही, असा कोकणातील अनुभव आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत महाराष्ट्रातील गायीबैलांची संख्या २०१२ च्या मानाने सुमारे दहा टक्क्यांनी घटलेली दिसली. कोकण कपिला ही येथील लहान चणीची, डोंगर चढणारी व पाऊस सोसणारी गाय २०१८ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. तिचा सांभाळ कोणत्याही एका मोठ्या प्रक्षेत्रावर होत नसून तो हजारो घरांच्या दोन-दोन, चार-चार जनावरांच्या गोठ्यांत होत असतो. म्हणून गोठा उभा करणे हे केवळ एका कुटुंबाच्या सोयीचे काम नव्हे.

सरकारी मदतीतून गोठा उभा राहील का? केंद्राच्या आपत्ती-निवारण निकषांत त्या वेळी घराला जोडून असलेल्या गोठ्यासाठी २,१०० रुपये धरलेले होते. २०२२ साली ही रक्कम ३,००० रुपये झाली. एवढ्या पैशात चार-पाच पत्र्यांच्या पलीकडे फारसे काही येत नाही, आणि शेतावर किंवा माळावर स्वतंत्र असलेला गोठा 'घराला जोडून' ह्या शब्दांत बसत नाही, ती अडचण निराळीच. पैसे हातात पडेपर्यंत पाऊस थांबत नाही. तेव्हा ह्या आठ दिवसांत उपयोगी पडणारी वस्तू एकच, ती म्हणजे माणसांचे हात.

हात कोठून आले

कोकणात सावडीची चाल जुनी आहे. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या शेतात, अशा बोलीने लावणी, झोडणी व घराची शाकारणी होत आलेली आहे. त्यात मजुरी नाही. जेवण असते, आणि हाताची परतफेड हाताने असते. परंतु अलीकडे वाड्यावाड्यांतून तरुण माणूस मुंबईस गेल्यामुळे सावडीला माणसेच उरलेली नव्हती. २०२० च्या उन्हाळ्यात महामारीच्या टाळेबंदीमुळे हजारो चाकरमानी गावी परत आले. गावकऱ्यांना त्यांची धास्ती वाटली, विलगीकरणावरून कुरबुरीही झाल्या. आणि त्यानंतर लगेच वादळ आले. ज्या घरात एरवी दोन वृद्ध माणसे असावयाची, तेथे त्या जूनमध्ये कोयता धरू शकणारे तीन-चार हात होते. संकटात संकटाचा असा उपयोग व्हावा, हा योगायोगच म्हणावयाचा.

दुसरे हात बाहेरचे. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून स्वयंसेवक ताडपत्र्या, पत्रे, शिधा, मेणबत्त्या व सौर दिवे घेऊन आले. पुढील वर्षी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण वाशिष्ठीच्या पुरात बुडाले, तेव्हाही राज्यभरातून लोक तेथे चिखल उपसावयास गेले. ह्या मदतीविषयी कृतज्ञता बाळगूनही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बाहेरून येणाऱ्या मदतीचा ओघ डांबरी रस्त्याशी थांबतो. बाजारपेठेच्या गावी ताडपत्र्यांचा ढीग पडतो, आणि दोन कोस वर असलेल्या धनगरवाड्यावर एकही पोचत नाही. खेड, चिपळूण, दापोली ह्या तालुक्यांच्या डोंगरमाथ्यांवर गवळी-धनगर समाजाची वस्ती आहे. त्यांची म्हशी-गाई हीच शेती आणि तेच भांडवल. पायवाटेने दूध खाली न्यावे आणि धान्य वर आणावे, असा त्यांचा दिनक्रम. त्यांच्या गोठ्याचे छप्पर उडाले, तर ते पाहावयास कोणी वर चढत नाही. पत्रे तेथे डोक्यावरूनच न्यावे लागतात. आणि म्हणूनच ते काम स्वयंसेवकांचे आहे. गाडीतून वस्तू वाटण्यास पाच माणसे पुरतात. डोंगरावर बारा पत्रे चढविण्यास पंधरा लागतात.

कोणाचा गोठा आधी, हे बाहेरून आलेल्यांनी ठरवू नये. ते गावकीने व वाडीने ठरवावे, आणि ठरविताना एकट्या बाईचे घर, वृद्धांचे घर व ज्याची उपजीविका केवळ जनावरांवर आहे असे घर पुढे घ्यावे. गोठा कसा हवा, हे मात्र घरातील बाईस विचारावे. शेण काढणे, धार काढणे, पाणी दाखविणे, वासरू सोडणे ही कामे बहुतेक घरी तीच करते. गव्हाण किती उंच असावी, शेणाची पाटी कोणत्या बाजूने न्यावयाची, हे तिला जेवढे ठाऊक असते, तेवढे आराखडा काढणाऱ्यासही नसते. एवढे न विचारता पुष्कळ चांगल्या हेतूने बांधलेले गोठे पुढे लाकडे ठेवण्याच्या कामी आलेले आहेत.

सामान पायाशी पडलेले

वादळाने जे पाडले, त्यातच गोठ्याचे निम्मे सामान असते. परंतु कोणते लाकूड कोठे वापरावे, ह्याचे तारतम्य राखावयास हवे. जमिनीत पुरावयाच्या खांबांसाठी ऐन किंवा किंजळ उत्तम. पडलेल्या आंब्याचे ओंडके कितीही जाडजूड दिसले, तरी खांबासाठी घेऊ नयेत. आंब्याचे ओले लाकूड जमिनीत लवकर कुजते व त्यास भुंगा लागतो. त्याच्या फळ्या कापून गव्हाणीस वापराव्यात. जुन्या माडाच्या बुंध्याकडील बाहेरचा भाग कठीण असतो. त्याचे वासे व आडवी लाकडे चांगली निघतात. मात्र आतला गाभा व शेंड्याकडचा भाग भुसभुशीत, तो टाकूनच द्यावा. पोफळीचे जून खोड उभे चिरले, की रिपा तयार. बागाईतदारास हे शिकवावयास नको. त्याच्या मांडवाला पिढ्यान्‌पिढ्या ह्याच रिपा लागल्या आहेत. खांबाचे जमिनीत जाणारे टोक वरवर जाळून त्यावर डांबर फासले, तर ते दोन-तीन पावसाळे अधिक टिकते.

पडलेले माड असे कामास लावण्यात आणखी एक हित आहे. कुजणारे माडाचे खोड आणि शेणाची गायरी ही गेंड्या भुंग्याच्या अळ्यांची आवडती जागा. वादळानंतर बागेत खोडे तशीच पडू दिली, तर वर्ष-दीड वर्षाने त्यांतून निघालेले भुंगे उभ्या राहिलेल्या माडांच्या कोवळ्या शेंड्यात शिरतात. आणि त्यांनी केलेल्या जखमांतून सोंड्या भुंगा आत जाऊन माड मारतो. म्हणजे वादळातून वाचलेला माड वादळाने पडलेल्या माडामुळे मरतो. खोडे चिरून वापरावीत. न वापरता येणारा भाग बागेतून हलवावा किंवा जाळावा. नव्या गोठ्याची गायरी खणताना तीत मेटारायझियम ह्या बुरशीचे संवर्धन मिसळावे. ही बुरशी भुंग्याच्या अळ्यांस रोग आणते.

वाकलेले पन्हळी पत्रे लाकडी मोगरीने ठोकून पुन्हा वापरता येतात, मात्र जुनी भोके डांबराने बुजवावीत. फुटके सिमेंटी पत्रे करवतीने कापू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते व त्याची धूळ फुप्फुसांस अपाय करते. ते भिजवून, न फोडता, बाजूस नेऊन पुरावेत.

वारा छप्पर उचलतो

वाऱ्याच्या दाबाने छप्पर मोडते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः पुष्कळ वेळा वारा छप्पर दाबत नाही, उचलतो. छपरावरून वेगाने जाणारा वारा त्यास वर ओढतो. आणि उघड्या बाजूने गोठ्यात शिरलेला वारा खालून ढकलतो. गोठा तर एका-दोन बाजूंनी उघडाच असावयाचा. शिवाय कौलारू छप्पर स्वतःच्या वजनाने बसलेले असते, हलका पत्रा तसा बसत नाही. त्यामुळे गोठ्याच्या बांधणीत बळकट खांबांपेक्षाही बळकट बांधण्यांस महत्त्व आहे. खांबाला तुळई, तुळईला वासा, वाशाला रीप आणि रिपेला पत्रा, ही सगळी साखळी जाड जस्ती तारेने किंवा लोखंडी पट्टीने आवळलेली असली पाहिजे. ह्यांतील एक कडी केवळ खिळ्यावर सोडली, की वादळ तेथूनच छप्पर उपटते. उचलणाऱ्या ओढीने खिळा सरळ निघून येतो. तार निघत नाही.

खांब तीन फूट तरी जमिनीत जावा. कातळावर ते शक्य नसते. तेथे जांभ्याचा थर फोडून खड्डा घ्यावा, खांबाच्या तळाशी आडवे लाकूड ठोकावे आणि भोवती चिऱ्यांचे तुकडे घट्ट ठेचून भरावेत. छपराचा उतार फार सपाट ठेवू नये; सपाट छपराला वाऱ्याची ओढ अधिक लागते. दुपाखी छपरापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यास अधिक टिकते, आणि कोकणातील जुनी घरे चौपाखी का असत, हे त्यावरून ध्यानात येईल. पत्र्याच्या कडांना व कोपऱ्यांना हुकाचे बोल्ट दाट असावेत. मधल्या भागात थोडे विरळ चालतील. वळचण दीड फुटापेक्षा बाहेर काढू नये. रत्नागिरीच्या पावसास एवढी वळचण पुरत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु त्यावर उपाय वळचण वाढविणे हा नसून पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंना विणलेल्या झावळ्यांचे झाप वेगळे बांधणे हा आहे. झाप पावसाची झड अडवतात, आणि पुन्हा वादळ आलेच, तर छप्पर सोबत न नेता एकटेच उडून जातात. त्यांची किंमत एका दिवसाच्या विणकामाएवढी.

मोठ्या गाईला किंवा बैलाला छपराखाली साडेतीन चौरस मीटर, म्हशीला चार, तर लहान वासराला एक चौरस मीटर जागा धरतात. चार जनावरे व एक-दोन वासरे ह्यांसाठी अठरा फूट लांब व बारा फूट रुंद गोठा पुरतो. त्यात गव्हाण, उभे राहण्याची जागा, मूत्राची नाली व मागे चालण्यापुरती वाट बसते. जमिनीला नालीकडे चाळीस फुटांस एक फूट उतार द्यावा. घाईत सर्वांत आधी ह्या उताराकडे दुर्लक्ष होते, आणि पुढे सगळा पावसाळा जनावर मूत्रात उभे राहते. जमीन चिऱ्यांची असल्यास उत्तम. नसल्यास मुरूम ठोकून घ्यावा. गुळगुळीत कोबा नको, त्यावर पाय घसरून जनावर जायबंदी होते. खांब व चिरे जाग्यावर असतील आणि हाताशी एक जाणता सुतार असेल, तर पंधरा माणसांना हे काम दोन दिवसांचे आहे. सुतार मात्र हवाच. अननुभवी हातांनी सामान वाहावे, खड्डे खणावेत, रिपा चिराव्यात, तारा ओढाव्यात. छपरावर त्यांनी चढू नये.

काम संपल्यावर एक बारीकसे पण महत्त्वाचे काम उरते. ते म्हणजे खिळे, तारेचे तुकडे व पत्र्याचे कातरण वेचणे. गाय-म्हैस चारा दातांनी निवडून खात नाही, ती तो जिभेने ओढून गिळते. पेंढ्यात गेलेला तारेचा तुकडा तिच्या पोटात जाऊन पुढे काळजाच्या बाजूस टोचतो, आणि चांगले जनावर खाणे सोडून, पाठ वाकवून, काही दिवसांत मरते. दोरीला बांधलेले लोहचुंबक गोठ्याभोवतीच्या जमिनीवरून फिरविले, तर बहुतेक तुकडे निघतात. पोरांना ह्या कामाची मौज वाटते. ते त्यांच्यावरच सोपवावे.

वादळ निराळे, पूर निराळा

'निसर्ग' नंतर वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १६ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत समुद्रातून गेले. दोन महिन्यांनी चिपळूणचा पूर आला. त्याच पावसात खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे व घरे गाडली गेली. एकाच जिल्ह्याला चौदा महिन्यांत वारा, पाणी व दरड ह्या तिन्हींनी गाठले. म्हणून गोठ्याची जागा निवडताना केवळ वाऱ्याचा विचार करून भागत नाही. नदीकाठच्या मळईची जागा पाण्यास जवळ म्हणून सोयीची वाटते, परंतु रात्रीत चढणारे पाणी प्रथम तेथेच शिरते. उताराची जागा घेताना पाठीमागचा डोंगर कापून सपाटी करू नये. कापलेल्या उताराखाली गोठा बांधणे, म्हणजे जनावरे दरडीच्या तोंडी देणे होय.

पुराच्या गावात दाव्याचाही विचार हवा. जनावर पोहू शकते, बांधलेले जनावर पोहू शकत नाही. दावण अशी असावी, की अंधारात एका ओढीने सुटावी, आणि गोठ्याच्या दाराला बाहेरून अडसर नसावा. गावाच्या उंच भागी, देवरहाटीलगतचा माळ किंवा गावठाणाची वरची जागा, पुराच्या रात्री सर्वांची जनावरे नेण्यासाठी आधीच ठरवून ठेवावी.

'निसर्ग' हे नाव ज्या बांगलादेशाने सुचविले होते, त्या देशाने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९७० च्या नोव्हेंबरातील चक्रीवादळात तेथील किनाऱ्यावर लाखो माणसे व लाखो जनावरे समुद्राच्या लाटेखाली गेली. त्यानंतरच्या वर्षांत तेथे मातीचे उंच ढिगारे रचण्यात आले. वादळाची सूचना मिळाली, की जनावरे ह्या ढिगाऱ्यांवर न्यावयाची. लोक त्यांस 'मुजीब किल्ला' म्हणू लागले. जनावरांची सोय नसेल, तर माणसेही घर सोडून निवाऱ्यात जाण्यास तयार होत नाहीत, हे त्या देशातील अनुभवातून दिसून आले. रत्नागिरीतील शेतकरी ह्याहून निराळा नाही. गाय दावणीला असता घर सोडून चला, असे त्याला सांगून पाहावे.

स्वयंसेवकांनी उभा केलेला गोठा हा एक-दोन पावसाळ्यांचा आसरा होय; पक्का गोठा पुढे शासकीय योजनेतून करून घ्यावा. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्यासाठी ७७,१८८ रुपयांचे अंदाजपत्रक मंजूर होते. त्याचे माप सुमारे पंचवीस फूट लांब व साडेअकरा फूट रुंद असे होते, आणि त्यात २५० लिटरचे मूत्राचे टाके व २०० लिटरचे पाण्याचे टाके धरलेले होते. योजनांची नावे व रकमा बदलत राहतात. चालू योजना कोणती, हे ग्रामपंचायतीत व पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात विचारून घ्यावे. जागेचा उतारा, जनावरांच्या कानातील बिल्ल्यांचे क्रमांक व बँकेचे पुस्तक ही कागदपत्रे वादळात भिजून गेली असल्यास ती नव्याने मिळवून देणे, हेही लिहिता-वाचता येणाऱ्या स्वयंसेवकाचे काम आहे. पत्रा ठोकण्याइतकेच ते उपयोगी पडते, जरी त्याचे छायाचित्र कोणी घेत नाही.

गोठा उभा राहिला, जनावरे आत बांधली, म्हणून सर्वांनी त्याच संध्याकाळी परतू नये. एकाने तरी पहिला जोराचा पाऊस होईपर्यंत गावात राहावे. पन्हळ कोठे उलटी बसली आहे, नालीचे पाणी कोठे तुंबते, कोणत्या कोपऱ्यातून झड आत येते, हे त्या एका रात्रीत कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव किलो डांबर, चार बोल्ट व दोन झाप एवढ्यावर ते दुरुस्त होते. तारा मात्र पुढे दर वर्षी वैशाखात, शाकारणीच्या वेळी, हाताने ओढून पाहाव्यात. खाऱ्या वाऱ्याने त्या गंजतात, आणि गंजलेली तार खांबाशी बांधलेली दिसली, तरी ती धरून ठेवत नाही.